एक्याण्णवावी पत्रावळ

फार फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात वर्षातून एकदा देवळाच्या अंगणात गावजेवण होई. त्या पंगतीची एक रीत होती. सगळ्या रांगा अगदी सारख्या हव्यात. कुणाची रांग तोकडी नको, कुणी एकटं बसायला नको. अंगण लहान, म्हणून सगळ्यांची एकच लांब रांगही मावत नसे.

रीत चांगलीच होती. पण माणसं सारखी वाटली जाईनात, तर शेवटी आलेल्याला उठवून घरी पाठवत. चांगल्या रीतीलाही कधीकधी असं शेपूट फुटतं.

पंगतीची मांडणी दामोबाकडे होती. वीस वर्षं तो हे काम करत होता आणि त्याचा त्याला भारी तोरा. नव्वद माणसं बसवून तो मिशीवर ताव देत होता, तेवढ्यात टोपल्या विणणारी एक म्हातारी आली आणि सावलीत टेकली. चार कोस चालून आलेली, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही.

दामोबा म्हणाला, “आजी, तुम्हाला धरून एक्याण्णव झाले. दोन रांगा केल्या तरी तुम्ही उरता, तीन केल्या तरी तुम्हीच, पाच केल्या तरी तुम्हीच. आकडा हट्टी आहे. पुढच्या वर्षी लवकर या.”

म्हातारी जागची हलली नाही. “आणि सात रांगा केल्या तर?”

“सात रांगा आमच्यात कुणी करत नाही.”

“करत नाही ते ठीक. होतात का, ते विचारलं मी.”

वाढप्यांनी तोंड फिरवून हसू लपवलं. म्हातारीला खोटं पाडायचंच म्हणून दामोबा पत्रावळी नव्याने मांडू लागला. सात रांगा झाल्या. प्रत्येकीत तेरा माणसं. उरलं कुणीच नाही.

दामोबाचा तोरा उतरला. तो म्हातारीजवळ जाऊन बसला. “मग बघायचं तरी कुठवर, आजी? शंभर रांगांपर्यंत?”

“छे. मी टोपलीच्या कामट्या अशाच वाटते. सात रांगांत तेरा काय, तेरा रांगांत सात काय, जोडी तीच. रांगा आणि रांगेतली माणसं सारखी होईपर्यंतच बघायचं. दहा रांगांत दहा म्हणजे शंभर, ते तुमच्या आकड्याच्या पुढे गेलं. म्हणून नवापर्यंत पुरे. त्यातही जे दोनात बसलं नाही ते चारात, सहात, आठात कुठून बसणार? तीनात नाही ते नवातही नाही. राहिले दोन, तीन, पाच आणि सात. तुम्ही साताच्या दारातून मागे फिरलात.”

दामोबाला एकदम गेलं वर्ष आठवलं. सत्त्याहत्तर माणसं होती, आणि त्याने रावजी कुंभाराला भरल्या पंगतीतून उठवलं होतं. सात रांगा, प्रत्येकीत अकरा, असं सरळ होतं की. तेव्हापासून रावजी देवळाची पायरी चढला नव्हता. दामोबाला मनापासून लाज वाटली.

इतक्यात शेजारगावची बैलगाडी आली आणि सहा पाहुणे उतरले. सत्त्याण्णव झाले. दामोबाने दोन, तीन, पाच, सात, सगळं करून पाहिलं. कशातच बसेना. शास्त्रीबुवा अशा आकड्याला मूळ संख्या म्हणतात.

“आता मात्र आकडा खराच हट्टी आहे,” गावकरी म्हणाले. “उठवा शेवटच्याला.”

“उठवायचं कुणालाच नाही,” दामोबा म्हणाला. “सहा रांगांना एकेक माणूस मिळाला. सातवीला एकच कमी आहे. तो मी आणतो.”

तो तडक रावजीच्या घरी गेला. रावजी चाकावर बसला होता. दामोबाने हात जोडले. “रावजी, गेल्या साली हिशेब माझा चुकला आणि उपाशी तुम्ही राहिलात. आज सगळी पंगत तुमच्यासाठी खोळंबली आहे.”

रावजीने चाक थांबवलं. मग त्याने हात धुतले.

“चला,” तो म्हणाला, “भात निवेल.”

सात रांगांत चौदा-चौदा माणसं जेवली. म्हातारीने तीनदा भात मागून घेतला आणि तिन्ही वेळा तो दामोबाने वाढला. त्या गावच्या पंगतीतून त्यानंतर कुणालाही उठवलं गेलं नाही.

लहानथोरांनी एवढं गाठीला बांधावं: माणसाला ‘जास्तीचा’ म्हणण्याआधी आपला हिशेब शेवटपर्यंत तपासावा, आणि तरीही तो जुळला नाही, तर एक माणूस कमी करण्यापेक्षा एक वाढवावा.