खैरवाडीचा बॉलर

वाघजाळीत यदू नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम मनापासून करायचा, हीच पंचाईत होती.

तालुक्याची क्रिकेट स्पर्धा तोंडावर आली आणि गावच्या टीमला धड बॉलर नव्हता. शेजारच्या खैरवाडीत जालिंदर नावाचा पोरगा भन्नाट वेगानं टाकतो, असं कानावर आलं. आपला एखादा बॅट्समन देऊन त्याला घ्यावं, असं कप्तान सर्जेरावांच्या मनात आलं. पण ते आणि त्यांचे दहा शिलेदार फ्लेक्सच्या फोटोसाठी गॉगल लावून उभे होते. त्यांनी यदूला पिटाळलं.

"जा, त्या बॉलरचा हात बघून ये."

यदू बघून आला. "हात चांगलाय. आयुष्यरेषा थेट मनगटापर्यंत. लग्नं दोन दिसतात."

"अरे गाढवा, पळवून बघायचं असतं! घाम निघाला की दम कळतो. आता त्याच्या वडिलांना भेट, त्यांची हरकत नाही ना विचार."

वडील सत्तरीचे, गुडघ्यांनी बेजार. यदूनं त्यांना गावाभोवती तीन फेऱ्या पळवलं.

"दम अजिबात नाही," त्यानं येऊन सांगितलं.

सर्जेरावांनी कपाळ बडवलं. "अशा माणसाला सावलीत बसवायचं, पाणी द्यायचं, पाय चेपायचे! उद्या जालिंदर बॉल टाकून दाखवणार आहे. तेवढं तरी नीट बघ."

दुसऱ्या दिवशी जालिंदर लांबून धावत निघाला. यदूनं त्याला अर्ध्या वाटेतच कवेत धरलं, झाडाखाली बसवलं, पाणी पाजलं आणि पाय चेपले.

"वेग कसा आहे?" सर्जेरावांनी विचारलं.

"भारी. मिनिटभरात घोरायला लागला."

"बघणं पुरे! सौदा करून ये. आणि पड खाऊ नकोस. ते एक म्हणाले की आपण दोन म्हणायचं. हटायचं नाही!"

यदू छाती काढून गेला. आता चुकायचं नाही, असं त्यानं पक्कं ठरवलं होतं.

खैरवाडीचा कप्तान म्हणाला, "बॉलर न्या. बदल्यात तुमचा एक बॅट्समन द्या."

"एक? दोन!"

कप्तानानं कान खाजवला. "बरं, दोन."

"तीन!"

अकराला मात्र कप्तानानं हात जोडले. "बस्स! एवढ्यांना बसवायला आमच्याकडे टेम्पो नाही."

यदू जिंकला. संध्याकाळी जालिंदरला घेऊन तो ऐटीत गावात शिरला.

"सर्जेराव, कपडे भरा. तुम्ही अकराजण उद्यापासून खैरवाडीचे. शेवटपर्यंत हटलो नाही बघा!"

सर्जेराव मटकन खाली बसले. "मेल्या, मग वाघजाळीकडून खेळणार कोण?"

"हा टाकेल, मी झेलेन," यदू म्हणाला. "मारायला तुम्ही याल की समोरून!"