बांधावरचा श्वास

"मग शेतानं श्वास घेतला, की सोडला?"

भंते सुमनरत्नांनी विचारलं आणि पुढ्यातला जाड अहवाल न उघडताच बाजूला सरकवला.

"दोन्ही, भंतेजी. पण सोडला त्याहून घेतला जास्त. धानात घेतला, गव्हात आणखी घेतला." सुमेध टेंभुर्णे हसला. "दोन वर्षं, सेकंदाला दहा वेळा मोजलंय मी."

वैनगंगेकाठच्या त्या लहानशा विहारात दुपारचं दुसरं कोणी नव्हतं. चीवर घेण्याआधी भंते गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि सुमेध त्यांच्यासमोर पहिल्या बाकावर असायचा. आता तो शास्त्रज्ञ होता. शेतात लोखंडी मनोरा उभारून, पिकावरून वाहणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. पुढच्या आठवड्यात दिल्लीत त्याचा सत्कार होता.

"तुम्ही डोळे मिटून एका माणसाचा श्वास पाहायला शिकवता," तो म्हणाला. "मी अख्ख्या शेताचा पाहिला."

"सगळा?"

"सगळा."

भंतेंनी बाजूला सरकवलेल्या अहवालाकडे पाहिलं.

"म्हणजे, चुकीचे आकडे काढून टाकावे लागतात," सुमेध म्हणाला. "पावसातले. वारा पडलेला असतो तेव्हाचे. आणि पहिल्या वर्षीच्या धानातले, काही दुपारचे."

"दुपारचे का?"

"बांधाजवळ जमिनीलगत हवा ओढणारी एक नळी होती. रोज बाराच्या सुमाराला तिथला आकडा उडी मारायचा आणि अर्ध्या तासाने खाली यायचा. मी आठ दिवस यंत्र खोलून पाहिलं. दोष सापडेना. मग एकदा भर दुपारी जाऊन बघितलं, तर नळीला लागून पार्बताबाई शहारे शिदोरी सोडून बसलेल्या. शेत त्यांचंच. नवरा गेल्यापासून एकट्याच कसायच्या."

नाव ऐकून भंतेंनी मान वर केली.

"मी म्हटलं, आजी, इथं नका बसू. तर म्हणाल्या, माह्या वावरात मीच नोको बसू का, बापू? मी सांगितलं, तुमचा श्वास नळीत जातो. तर हसल्या. म्हणाल्या, मंग मोज ना तो बी."

"मोजलास?"

"नाही... तार ओढून घेतली तेवढ्या जागेभोवती. मग त्या रस्त्याकडेच्या पळसाखाली बसून जेवायच्या. पुढे दिसेनाशा झाल्या. खरं सांगतो भंतेजी, मला बरं वाटलं. आकडे स्वच्छ येत होते."

बाहेर कुठेतरी पंप सुरू होऊन बंद पडला.

"गहू कापायला पुतण्या आला. म्हणाला, काकू पौषातच गेली. छातीनं. मी दर आठवड्याला त्या शेतात जात होतो. एकदाही विचारलं नव्हतं, आजी कुठे आहेत. आणि तो सांगून गेल्यावरही मी आणखी एक वर्ष मोजत राहिलो."

सुमेधने अहवाल ओढून घेऊन उघडला.

"काल मी काढून टाकलेले आकडे पुन्हा उघडले. तेहतीस दुपारी आहेत त्यांच्या. काही ठिकाणी आकडा एकदम वर जातो, थांबतो, परत वर जातो. खोकत असतील. मी त्यापुढे लिहून ठेवलंय, दोष." सुमेधचा आवाज खाली आला. "अहवालात त्यांचं नावही नाही. नुसतं शेतमालक असं आहे."

त्याने अहवाल मिटला.

"ते आकडे परत घालू का, भंतेजी?"

"घातलेस तर?"

"उत्तर चुकेल. तो शेताचा श्वास नव्हे."

"मग घालू नकोस."

सुमेधला हे अपेक्षित नव्हतं. तो काही विचारणार, तोच भंते भिंतीला हात टेकून उठले. सावकाश दारापर्यंत गेले, पायऱ्या उतरले आणि सगळ्यात खालच्या पायरीवर, चपला काढतात तिथे, जाऊन बसले.

सुमेध मागोमाग दाराशी आला.

"भंतेजी, तिथं ऊन लागतंय."

"पार्बताबाई इथं बसायच्या."

"इथं?"

"रविवारच्या ध्यानाला यायच्या. आत बसल्या की खोकला यायचा. लोकांचं श्वासावरचं लक्ष उडायचं." भंतेंनी पायरीवर हात टेकला. "मीच म्हणालो, बाई, तुम्ही बाहेर बसा."

"मग... बसल्या?"

"चार रविवार. पाचव्याला आल्या नाहीत. मीही कोणाला विचारलं नाही."

सुमेध खाली उतरला. चपला बाजूला सारून त्यांच्याशेजारी बसला. अहवाल आतच राहिला. पायरीचा दगड तापलेला होता. बराच वेळ दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"आकडे बरोबर आहेत, भंतेजी," अखेर तो म्हणाला. सांगत होता की विचारत होता, त्याचं त्यालाच कळेना. "त्यांचे मी नियमानंच वगळले होते."

भंतेंनी होकारार्थी मान हलवली.

"ध्यानही फार छान लागायचं, त्यानंतर."