वजूचं पाणी

गनीशेठ परकार म्हणजे खाडीकाठच्या त्या गावातले तांदळाचे बडे व्यापारी. ते तांदळात खडे मिसळतात आणि माप मारतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

एका दुपारी ते मदरशात आले, तेव्हा सफियाआपा मुलांना शिकवत होत्या, की कमाई हलालची, सचोटीची असावी आणि खर्चही नेकीचा असावा. शेठना ते झोंबलं.

"आपा, पैसा कुठून आला हे कशाला बघायचं? कुठे गेला ते बघावं. मदरशाचं गळकं छप्पर मी नवं घालून देतो. उद्यापासून मुलांना हेच शिकवा."

आपांनी वर गळक्या छपराकडे पाहिलं.

तेवढ्यात अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजची, अजान झाली. शेठनी वजूसाठी, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुवायला, पाणी मागितलं. दहा वर्षांची झुलेखा उठली आणि तांब्या भरून घेऊन आली. शेठनी ओंजळ पुढे केली, पण पाण्याची धार बघताच झटकन मागे घेतली. पाणी काळं होतं आणि त्याला घाण वास येत होता.

"हे कुठून आणलंस?"

"मागच्या गटारातून, चाचा," झुलेखा शांतपणे म्हणाली. "पण जातंय तर नमाजच्याच कामाला. मग कुठून आलं हे कशाला बघायचं?"

इतकी वर्षं शिकवूनही आपांना हे असं सांगता आलं नव्हतं.

शेठ स्वतः विहिरीवर गेले, पाणी शेंदलं आणि वजू केली. नमाज पढून परतल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "आपा, छपराला थोडा वेळ लागेल. आधी साफ कमाई करावी लागेल."