तान्हूबाईंची वाकळ

त्या वर्षी दयागीर महाराजांचा चातुर्मास निंबदरा गावी, नदीकाठच्या महादेवाच्या देवळात होता. भाविकहो, तेव्हा घडलेली ही हकिकत.

गावाच्या टोकाला तान्हूबाई नावाच्या विधवा बाई राहत. घरोघरच्या गोधड्या, उशांचे अभ्रे, बैठकीचे लोड-तक्के त्या शिवून देत. लोक दारात कापड ठेवत, शिवून झाले की घेऊन जात. बसायला सहसा कुणी थांबत नसे. पटकीच्या साथीत नवरा आणि दोन्ही मुली गेल्यापासून ते घर मुके झाले होते.

महाराज देवळाच्या गार फरशीवर बसतात, हे तान्हूबाईंच्या कानी आले. त्यांनी पेटी उघडली. नवऱ्याचे धोतर, मुलींची परकर-पोलकी, इतकी वर्षे जपलेले सगळे बाहेर काढले आणि मऊ वाकळ शिवली. ती घेऊन त्या देवळात गेल्या, तेव्हा महाराज आत ध्यानाला बसले होते. पायरीवर गावचे इनामदार रंगराव उभे होते. त्यांनी महाराजांसाठी शहरातून मखमली गादी मागवली होती.

वाकळ पाहून ते हसले. "तान्हूबाई, मेलेल्यांच्या चिंध्यांवर महाराजांना बसवणार? घेऊन जा. देवळात अशुभ नको."

तान्हूबाई पाठमोऱ्या झाल्या. देवाच्या दारी जे चालत नाही, ते उराशी धरून तरी काय करायचे? त्या तशाच घाटावर उतरल्या आणि वाकळ पुराच्या पाण्यात सोडली. बघता बघता ती दिसेनाशी झाली. रंगराव पायरीवरून पाहत होते. रिकाम्या हातांनी तान्हूबाई घरी आल्या, दार लोटून भिंतीशी बसल्या. दिवसभर चूल पेटली नाही. का पेटली नाही, हे विचारणारे कुणी नव्हते.

संध्याकाळी रंगराव गादी घेऊन आरतीला आले आणि जागीच थबकले. महाराज त्याच वाकळीवर बसले होते. रंगरावांनी वाकून हात लावला. कोरडी होती, आणि नुकतेच कुणी झोपून उठावे तशी उबदार.

"महाराज, ही तर वाहून गेली. मी डोळ्यांनी पाहिलं."

महाराज म्हणाले, "वाहून माझ्याकडेच आली. त्या बाईंना बोलवा. यातला एकेक तुकडा कुणाचा, ते मला ऐकायचं आहे."

तान्हूबाई आल्या. महाराज बोट ठेवत गेले, त्या सांगत गेल्या. "हे धाकट्या ठकीचं. हे थोरलीचं, चिंधूचं. हे त्यांच्या बाबांचं." कितीतरी वर्षांनी ती नावे त्यांच्या ओठांवर येत होती. आरती खोळंबली, पण कुणी हलले नाही.

"आणि हा हिरवा?" महाराजांनी विचारले.

तान्हूबाई अडखळल्या. "हे रंगरावांच्या आईंचं लुगडं, त्यांनीच मला दिलेलं. म्हातारपणी दुपारच्या माझ्याकडं येऊन बसायच्या. घरात कुणी बोलत नाही म्हणायच्या. त्या गेल्यावर माझ्याकडंही कुणी आलं नाही."

रंगरावांचा चेहरा उतरला. "मला ठाऊक नव्हतं," ते कसेबसे म्हणाले.

"कधी विचारलं नाहीत," महाराज शांतपणे म्हणाले. "आता यांना घरी पोचवा. आणि थोडा वेळ बसून या."

रंगरावांनी त्या हिरव्या तुकड्यावर कपाळ टेकले. मग वळून त्यांनी तान्हूबाईंच्या पायांवर डोके ठेवले, ते बराच वेळ उचलले नाही.