पोपट उडाल्यावर कासव काय म्हणाले

घाटमाथ्यावरच्या एका रानात एक सशीण राहत होती. बातमी आली त्या सकाळी ती आपल्या दोन पिलांना कोवळी दूर्वा कशी ओळखायची ते दाखवत होती. दव अजून वाळले नव्हते. एक पिलू शिकत होते, दुसरे नुसतेच खात होते. तेवढ्यात जांभळीवरची खार खाली आली आणि इकडचे तिकडचे बोलू लागली. यंदा बोरं लवकर पिकली म्हणाली, थंडी म्हणावी तशी पडली नाही म्हणाली. एरवी ही खार एवढा वेळ एका जागी थांबत नसे. सशिणीने चरणे थांबवले आणि विचारले, "सापडले का?"

"ओढ्यात," खार म्हणाली. "हाडंच राहिलीत, वहिनी. आणि तिथे साळिंदर बसलं होतं. त्यातलंच एक कुरतडत."

ससा कितीतरी दिवस घरी आला नव्हता, तेव्हा सशिणीला काही कल्पना नव्हती असे नाही. तिने पिलांची दूर्वा खाऊन होऊ दिली. मग ती त्यांना घेऊन करवंदीच्या जाळीत गेली, आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आली नाही.

साळिंदरावर सशाच्या खुनाचा खटला उभा राहिला. मुलांनो, त्या रानात खटला कसा चाले ते आधी सांगायला हवे. रानाच्या पार दुसऱ्या टोकाला नदीकाठी एक मोठा कातळ होता. तिथे म्हातारा गवा न्यायाला बसे. एवढ्या लांब सगळ्यांना जाणे जमत नसे, म्हणून पोपटांनी एक सोय केली होती. कातळापासून थेट जांभळीपर्यंत हाकेच्या अंतरावर एकेका झाडावर एकेक पोपट बसे. पहिला ऐके ते दुसऱ्याला सांगे, दुसरा तिसऱ्याला. कातळावर कोणी बोलले की घोटभर पाणी पिऊन होईस्तोवर ते शब्द जांभळीखाली ऐकू येत, तेही बोलणाऱ्याच्या आवाजात. त्यामुळे खटला असला की प्रत्येक पोपटाच्या झाडाखाली गर्दी जमे.

गवा दोन्ही बाजू ऐकून घेई, पण शेवटचा शब्द त्याचा नसे. ज्याच्या घरातले कोणी गेले असेल, त्याला तो भाषणांच्या दुसऱ्या दिवशी कातळावर बोलावी आणि विचारी, "तुझं समाधान झालं का?" 'झालं' असे उत्तर आले की आरोपीला घाटाखाली हाकलून देत. खाली गावातली कुत्री असत, आणि हाकललेला कोणी परत आल्याचे रानाला ठाऊक नव्हते. 'नाही' असे उत्तर आले तर त्याला सोडून देत. 'झालं' म्हटल्यावर मात्र ती गोष्ट रानात पुन्हा कधी काढायची नाही, असा रिवाज होता. आजवर बहुतेक सगळे 'झालं' असेच म्हणत आले होते.

शेवटच्या भाषणांचा दिवस आला तेव्हा जांभळीखाली उभे राहायला जागा नव्हती. सशीण कातळावर गेली नव्हती. पिलांना जवळ घेऊन ती जाळीच्या तोंडाशी बसली. वानर सर्वांत खालच्या फांदीवर पाय सोडून बसले होते. मोराने उन्हातली जागा धरली होती. खारीने सगळ्यांसाठी बोरे आणली होती.

पहिले भाषण कोल्ह्याचे. कोल्हा सशाच्या बाजूने बोलत होता, आणि बोलण्यात त्याचा हात धरणारा त्या रानात कोणी नव्हता. वरचा पोपट त्याचा आवाज हुबेहूब काढत होता. "ज्याच्या पाठीवर एवढे भाले," पोपटाच्या तोंडून कोल्हा म्हणाला, "तो म्हणतो, मी कधी लढाईला गेलोच नाही. सशाच्या हाडांपाशी साळिंदराचा काटा सापडला. आता तो काटा काय सशाच्या पाठीवर उगवला होता?"

जांभळीखाली हशा पिकला. वानराने फांदीवर थाप मारली. मोर मान तिरकी करून म्हणाला की वाक्य काहीच नाही, वाक्याआधी कोल्हा किती वेळ गप्प राहिला ते बघा, खरी कला तीच. वानर म्हणाले, गप्प राहण्यात कसली आलीय कला, तसं तर आमचा थोरला भाऊ वर्षभर गप्प आहे. त्यावरून दोघांची जुंपली, आणि कोल्ह्याची पुढची दोन-चार वाक्ये कोणी ऐकलीच नाहीत.

सशीण ऐकत होती. कोल्हा ससा कसा होता ते सांगू लागला होता. तो भोळा होता, भित्रा होता, पान हलले तरी दचकत असे. सशिणीला मोठे नवल वाटले. तिचा ससा हट्टी होता. जाऊ नका म्हटले की तिकडेच जायचा आणि परत आल्यावर तिथले गवत कसे होते ते रंगवून सांगायचा. कोल्हा हे कोणाबद्दल बोलतो आहे, असे तिच्या मनात आले. मग कोल्ह्याने तिचाही उल्लेख केला. त्या माउलीचे डोळे अजून सुकलेले नाहीत, असे तो म्हणाला, आणि जांभळीखालचे सगळे वळून तिच्या डोळ्यांकडे पाहू लागले. ते कोरडे होते. मागे कोणीतरी कुजबुजले की धक्का बसल्यावर असे होते.

कोल्ह्याचे भाषण संपले तेव्हा सगळ्यांना खटला संपल्यासारखेच वाटले. शेजारच्या झाडांखालचे प्राणीही सशिणीला पाहायला आले. तुम्हाला कसं वाटतंय, असे ते विचारत, आणि उत्तराची वाट न पाहता आपल्याला कसे वाटते आहे ते सांगत. उद्या गव्याने विचारले की ठासून 'झालं' म्हणा, असे तिला निदान सात-आठ जणांनी बजावले. एकाने तर ते कोणत्या आवाजात म्हणायचे तेही म्हणून दाखवले.

उन्हे कलल्यावर कासव बोलायला उभे राहिले. साळिंदराची बाजू घ्यायला दुसरे कोणी तयार झाले नव्हते. कासव बोले अगदी सावकाश, आणि पोपटही तसेच सावकाश बोले, कारण त्याला ते म्हणावेच लागे. कासवाने आधी गव्याला नमस्कार केला. मग कोल्ह्याच्या भाषणाचे कौतुक केले. मग सशाच्या घरच्यांची क्षमा मागितली. सावल्या लांब झाल्या तरी मुद्दा येईना. वानर जांभया देऊ लागले. मोर म्हणाला की याला अंड्यातून बाहेर यायलाच दोन पावसाळे लागले असतील.

"मी त्या जागी जाऊन आलो," कासव म्हणत होते. "चालायला वेळ लागला, पण जाऊन आलो. साळिंदर हाडं कुरतडतं, ही गोष्ट खरी आहे. परंतु तिथे मी जे पाहिलं..."

आणि तेवढ्यात सूर्य टेकला. सूर्य टेकला की पोपट थव्याने वस्तीच्या झाडाकडे जातात. जगातले कोणतेही पोपट जातात. खटला चालू आहे म्हणून ते थांबणार थोडेच? पोपट टाहो फोडत उडाला, त्याच्या मागचा उडाला, आणि डोंगराच्या त्या अंगापर्यंत सगळी झाडे मुकी झाली.

"ऐकलंत?" वानर म्हणाले. "हाडं कुरतडतं. त्याच्याच वकिलाने कबूल केलं."

सगळ्यांना ते पटले. बोलत बोलत गर्दी पाण्यावर गेली. वाटेत कोल्ह्याची वाक्ये ज्याला त्याला पाठ झाली होती.

सशीण मात्र तिथेच बसून राहिली. तिचे मन एका गोष्टीपाशी अडकले होते. कासवाने तिथे काय पाहिले? एवढे लोक होते, एवढ्यांना खटल्याची उत्सुकता होती, मग हे कसे कोणालाच जाणून घ्यावेसे वाटले नाही? दिवसभरात तिने कोल्हा कसा बोलला ते ऐकले होते, कासव कसे बोलले ते ऐकले होते. ससा कसा गेला, हे तिला सकाळी ठाऊक नव्हते आणि आताही नव्हते. उद्या 'झालं' म्हटले, तर ते विचारण्याची वाटही बंद होणार होती.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटण्याच्या कितीतरी आधी पिलांना खारीवर सोपवून ती निघाली. कातळावर अजून कोणी नव्हते. कासव कडेला उन्हाची वाट पाहत बसले होते.

"काल पोपट उडाल्यावर तुम्ही काय म्हणालात, आजोबा?" सशिणीने विचारले.

कासवाने मान बाहेर काढली. "पोपट उडाले होते होय?" ते म्हणाले. "मला वाटलं, सगळे ऐकतायत." मग त्याने सांगितले, आपल्या पद्धतीने, सावकाश. हाडे ओढ्यात होती. हाडांवर ऐनाची गळलेली पाने पडली होती. साळिंदराचा काटा त्या पानांच्याही वर होता. म्हणजे ससा आधी गेला, मग पानगळ झाली आणि त्यानंतर केव्हातरी साळिंदर तिथे आले. सुकी हाडे दिसली की साळिंदर ती कुरतडणारच, हरणे खारी माती चाटतात तसे. शिवाय ओढ्यात झटापटीची एकही खूण नव्हती. हाडे वरून, पाण्याबरोबर आली असावीत.

"वरून म्हणजे कुठून?"

"ओढा कड्याखालून येतो. जे झालं ते तिथे झालं असणार. मी चढायला गेलो होतो, पण माझ्याने ती चढण होत नाही. गव्यालाही हे सांगितलं. तो म्हणाला, सशीण काय म्हणते ते बघू."

सशिणीने विचारले, "जीव जायला त्यांना फार वेळ लागला असेल का हो?"

"ते पानांवरून नाही कळत, पोरी," कासव म्हणाले.

ऊन आले तसा गवा आला, कोल्हा आला, दोन रानडुकरांच्या मध्ये साळिंदर आले. पोपट आपापल्या झाडांवर बसले. गव्याने रिवाजाप्रमाणे विचारले, "तुझं समाधान झालं का?"

सशिणीने साळिंदराकडे पाहिले. त्याचे सगळे काटे अंगाला चिकटले होते. ती म्हणाली, "नाही. यांनी मारलं नाही. कोणी मारलं ते मला कळलेलं नाही, आणि कळल्याशिवाय मी 'झालं' म्हणणार नाही."

कोल्हा हसला. असे तर कोणाचे समाधान कधीच व्हायचे नाही, असे तो म्हणाला. गव्याने मान हलवली, आणि साळिंदर सुटले.

जाता जाता ते सशिणीपाशी थांबले. "मी त्यांच्या हाडांना तोंड लावलं," ते म्हणाले. "ते कोण होते, मला ठाऊक नव्हतं."

"ते गवताच्या शोधात कुठेही जायचे," सशीण म्हणाली. सशाविषयी ती पहिल्यांदाच कोणाशी बोलत होती. साळिंदराने ऐकून घेतले आणि ते निघून गेले.

जांभळीखाली पोपटाने सशिणीचे उत्तर ऐकवले आणि "साळिंदर सुटलं" असे सांगितले. मोराला सशिणीचे बोलणे फारच सपाट वाटले. असा प्रसंग पुन्हा मिळत नाही, तो म्हणाला. वानराच्या मते वहिनी काट्यांना भ्यायली. कोल्ह्याचे एवढे सुंदर भाषण वाया गेले, याची हळहळ मात्र सगळ्यांनाच वाटली. "मग मारलं कोणी?" खारीने एकदा विचारले. तेव्हा नेमका पोपट पुन्हा बोलू लागला. कातळावर कावळीने कोकिळेवर दावा ठोकला होता, आणि सुरुवातच मोठी झकास होती.

सशीण परत आली. पिले लहान होती, त्यांना घेऊन कडा चढणे शक्य नव्हते आणि दिवसभर सोडून जाणेही शक्य नव्हते. तिने वानराला विचारले. कड्यावर जाणे त्याला अवघड नव्हते.

"जाऊ की, वहिनी," वानर म्हणाले. "त्यात काय एवढं? हा खटला तेवढा संपू द्या."

तो खटला संपला. मग दुसरा आला, तोही संपला. कड्यापाशी जाऊन अजून कोणी पाहिलेले नाही.

तात्पर्य : निकाल ऐकायला सारे रान जमते, काय घडले ते पाहायला चढण चढावी लागते, आणि तिथे गर्दी नसते.