बाभळीला बांधलेलं गाढव

एका गावात चार लिहिणारे होते. एक कुंभार, तो कोडी रचायचा. एक तेलीण, ती घाण्याच्या फेऱ्यांवर गाणी बांधायची. एक पंतोजी, ते पोरांसाठी कविता लिहायचे. आणि चौथा कथाकार, तो गोष्टी लिहायचा. गाव तसं लहान, पण आपल्यात चार लिहिती माणसं आहेत म्हणून ताठ मानेनं चालायचं.

दर बाजाराच्या दिवशी, बाजार उठला की हे चौघे तेलिणीच्या छपरात जमायचे. ऊन असो, थंडी असो, बैठक चुकायची नाही. ज्यानं नवं काही लिहिलं असेल त्यानं ते वाचायचं. वाचून झालं की मधे ठेवलेल्या तांब्यातलं पाणी तोंडात घ्यायचं आणि तसंच धरून बसायचं. बाकीच्या तिघांचं बोलून होईपर्यंत गिळायचं नाही, थुंकायचं नाही.

हा नियम कुंभाराचा. तो म्हणायचा, "लिहिणाऱ्याचं तोंड मोकळं राहिलं की त्याचे कान बंद होतात."

अशी बारा वर्षं गेली. वाचून वाचून, ऐकून ऐकून कथाकाराच्या गोष्टी अशा उतरू लागल्या की त्यांचं नाव राजापर्यंत पोचलं. राजा तेव्हा त्या गावाजवळ बारव बांधत होता, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची मोठी दगडी विहीर. त्यानं कथाकाराला बोलावून घेतलं.

"बारवेच्या तोंडाशी एक मोठा दगड बसवणार आहे. त्यावर तुझी पाण्याची गोष्ट कोरायची. माझ्या पणतवंडांच्या पणतवंडांनी वाचली पाहिजे."

कथाकारानं गोष्ट लिहिली आणि दरबारात वाचली. राजा वाहवा म्हणाला. राजा म्हणाला म्हणून दरबारही म्हणाला.

त्यानंतरच्या बाजाराला कथाकार छपराकडं गेला नाही. पुढच्याही नाही. पंतोजींनी वाटेत विचारलं, तर म्हणाला, "कामं वाढलीत हो." मनात मात्र वेगळंच होतं. ज्याला राजा वाहवा म्हणतो, त्यानं गाल फुगवून कुंभाराचं ऐकत बसायचं?

तेलीण आपली दर बाजाराला त्याच्या जागेवर पोतं अंथरून ठेवायची. कुंभार म्हणायचा, "कशाला अंथरतेस? तो आता गालिच्यावर बसतो."

"बसू दे. पोतं काही मागं लागत नाही त्याच्या," तेलीण म्हणायची, आणि अंथरायचीच.

दगड घासून तयार झाला. पाथरवट छिन्नी घेऊन बसला आणि कथाकाराला म्हणाला, "भाऊ, कागदावरचं खोडता येतं. इथं एकदा छिन्नी बसली की शब्द मागं येत नाही. कुणाला ऐकवलंत ना?"

"राजाला ऐकवलं. अख्ख्या दरबाराला ऐकवलं. सगळे वाहवा म्हणाले."

"ते झालं. पण कुणी काही विचारलं का?"

कथाकार आठवू लागला. कुणीच काही विचारलं नव्हतं.

"उद्यापासून कोर," तो म्हणाला. त्या दिवशी बाजार होता.

छपरात तो खाली मान घालून शिरला. पोतं अंथरलेलंच होतं. तेलिणीनं तांब्या भरून मधे सरकवला.

त्यानं गोष्ट वाचली. एका दुष्काळी गावात एक वाटसरू आपलं गाढव घेऊन येतो. गाढव एका जागी थांबतं, जमीन हुंगतं, खूर आपटतं. वाटसरू त्याला बाजूच्या बाभळीला बांधतो आणि तिथं खणू लागतो. सगळं गाव मदतीला येतं. पाणी लागतं. गाव पितं, नाचतं, वाटसरूला खांद्यावर घेतं. गोष्ट संपली.

कथाकारानं तोंडात पाणी घेतलं.

पंतोजी म्हणाले, "भाषा कशी निवळलेल्या पाण्यासारखी झालीय."

तेलीण म्हणाली, "पाणी लागलं तिथं माझ्या अंगावर काटा आला बाबा."

कुंभार पुढं सरकून बसला. मग म्हणाला, "आणि गाढव?"

कथाकाराचे गाल थरथरले. त्याला म्हणायचं होतं, सोडलंच असेल की, त्यात काय सांगायचं. पण तोंडात पाणी होतं.

"पाणी त्यानं दाखवलं," कुंभार म्हणाला. "सगळं गाव प्यालं. त्याला कुणी पाजलं नाही, कुणी सोडलंही नाही. तू उद्या ते दगडात कोरणार. म्हणजे भरल्या बारवेच्या काठावर शेकडो वर्षं ते तहानलेलंच उभं राहणार."

कथाकाराच्या मनात गाढव कधीच सुटलं होतं. कागदावर मात्र बांधलेलंच होतं. तोंडातलं पाणी त्याला जड झालं. तो उठला, बाहेर जाऊन चूळ टाकली, आत येऊन बसला आणि गोष्टीच्या शेवटी एक ओळ लिहिली: 'गावानं गाढव सोडलं, आणि पाण्याचं भरलं घमेलं त्याच्यापुढं ठेवलं.'

दगड कोरून झाला. राजा आला, पंचक्रोशी जमली. राजानं गोष्ट मोठ्यानं वाचली. शेवटची ओळ त्यानं दोनदा वाचली.

"ही ओळ दरबारात नव्हती," तो म्हणाला.

कथाकार गप्प राहिला असता, तर ती त्याचीच झाली असती. पण तो म्हणाला, "महाराज, गोष्ट माझी. ही ओळ आमच्या बैठकीची." आणि गर्दीत मागं उभ्या असलेल्या तिघांना त्यानं हाताला धरून पुढं आणलं.

राजानं कुंभाराला विचारलं, "तुला हे सुचलं कसं?"

"सुचलं काही नाही महाराज. माझ्या दारात सहा गाढवं आहेत. मी आपला बघत बसलो होतो, त्याला कोण सोडतंय ते."

कथाकार म्हणाला, "पाणी मला यांनीच दाखवलं, आणि मी यांनाच विसरलो होतो."

कुंभार हळूच म्हणाला, "म्हणजे आम्ही गाढवं म्हण की."

राजालाही हसू आवरलं नाही. बैठकीच्या तांब्याची हकिगत त्यानं विचारून घेतली, आणि पाथरवटाला सांगून गोष्टीखाली कथाकाराच्या नावाऐवजी एक तांब्या कोरवून घेतला.

तो दगड अजून आहे म्हणतात. परका माणूस विचारतो, पाण्याच्या गोष्टीखाली हा तांब्या कशाला? मग गावकरी छाती काढून सगळी हकिगत सांगतात. आणि सांगून झालं की आधी पाहुण्याच्या बैलांना पाणी दाखवतात, मग पाहुण्याला देतात.

तात्पर्य एवढंच, की लिहावं एकट्यानं, पण ऐकावं चारचौघांत बसून, आणि नेमानं बसून. आपल्या मनात सुटलेलं गाढव कागदावर बांधलेलंच राहिलंय, हे आपल्याला दिसत नाही, सोबत्यांना दिसतं.