थोरलं कोडं आणि चुलीवरचं आधण

“पण बुवा, धाकटं घ्यायच्या आधी थोरलं खेळलंच पाहिजे, असं कुठं आहे?”

अच्युतराव हे विचारत होते तेव्हा मी भातासाठी आधण ठेवत होतो. मठाची चूल ओसरीला लागूनच आहे. इथं कुणी काही बोललं आणि मला ऐकू आलं नाही, असं होत नाही.



बुवा म्हणजे भानजीबुवा. मूळचे सुतार. देवळांचे दरवाजे करता करता म्हातारे झाले, मग या माळावरच्या मठात येऊन राहिले. इथं त्यांनी शिसवी लाकडाचं एक कोडं केलं. सहा दांड्या एकमेकींत अडकवलेल्या, आवळलेल्या मुठीसारख्या. तेच थोरलं.

ज्याला बुवांच्या हाताखाली शिकायचं असेल त्यानं आधी थोरलं सोडवायचं, पुन्हा होतं तसं जुळवायचं, आणि मगच रंध्याला हात लावायचा. हा इथला शिरस्ता.

आणखी एक शिरस्ता होता. माणूस थोरलं घेऊन एकटाच मागच्या पडवीत बसायचा. झालं की परत आणून फळीवर ठेवायचा आणि म्हणायचा, “सुटलं.” बुवा ते उचलूनसुद्धा पाहत नसत. एकदा केलेलं काम पुन्हा हातात घ्यायचं नाही आणि माणसाच्या शब्दाची झडती घ्यायची नाही, असं त्यांचं होतं.

अच्युतरावांनी बारा वर्षांपूर्वी तसंच येऊन सांगितलं होतं. अवघ्या तीन दिवसांत. चार वर्षं इथं शिकले, मग पुण्याला जाऊन नाव काढलं. आता त्यांनी स्वतःचं कोडं केलं होतं, बारा दांड्यांचं. थोरल्याच्या पुढचं म्हणून त्याला धाकटं म्हणायचे. एक खेळण्यांची कंपनी ते डब्यात घालून विकणार होती.

आणि मी गेणू. अकरा वर्षांपूर्वी मीही शिकायलाच आलो होतो. सव्वा वर्ष थोरलं हातात घेऊन बसलो. सुटलं नाही. कुठल्या तोंडानं घरी जाणार? चुलीपाशी राहिलो. तेव्हापासून हातात पळी आहे.

“लोक विचारतात, बुवा,” अच्युतराव म्हणाले. “पहिलं खेळलो नाही तर दुसरं कळेल का म्हणून. तुम्ही एक ओळ लिहून द्या. थोरलं न खेळता धाकटं घेतलं तरी चालेल. डब्यावर छापू. तुमच्या नावानं.”

“चालेल का?”

“का नाही चालणार? माझं आपल्या पायावर उभं आहे. थोरल्याचं काहीएक अडत नाही त्याला.”

बोलताना मान ताठ होती. पण फळीवरच्या थोरल्याकडे त्यांनी आल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं. हे मला तेव्हा खटकलं नाही, आता सांगताना खटकतंय.

बुवांनी कागद मागितला. पेन मागितलं. लिहायला वाकले आणि थांबले.

“चालेल म्हणून सही करायची तर दोन्हींतला फरक माहीत हवा,” ते म्हणाले. “मी तर थोरलं केल्यापासून हातात घेतलेलं नाही. गेणू, आण रे ते खाली.”

मी आणलं. धूळ पुसून अच्युतरावांपुढं ठेवलं.

“सोडव,” बुवा म्हणाले. “आम्हाला दोघांना बघू दे.”

“आत्ता?”

“तीन दिवसांत सुटलं होतं तुला. आत्ता किती वेळ लागणार?”

अच्युतरावांनी ते हातात घेतलं. फिरवलं. पुन्हा फिरवलं…

“गेणूसाठी सोडव,” बुवा म्हणाले. “त्याला सव्वा वर्ष सुटलं नाही. त्याच्यानंतर आठ जण आले. आठही गेले. मला वाटतं चूक माझीच होती. शिसवी लाकूड चांगलं मुरलेलं नसणार. फुगलं असेल. तू गेल्यावर मी दुसरं कोडं केलं नाही, ते त्यामुळंच. हातावरचा विश्वासच गेला.”

हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, म्हातारपणामुळं थांबले.

अच्युतरावांची बोटं थांबली.

“बुवा… हे सुटणार नाही.”

“का?”

अच्युतरावांनी थोरलं खाली ठेवलं.

“का रे?”

“आतून चिकटवलेलं आहे. मी सरस लावलाय.”

आधण उकळायला लागलं होतं.

“तिसऱ्या दिवशी मी पडवीत फटीत पटाशी घालून पाहिली,” अच्युतराव खाली बघत सांगू लागले. “एक दांडी चिरली. घाबरलो. हे बघून तुम्ही हाकलून द्याल असं वाटलं. सरस लावला, सगळं दाबून बसवलं आणि येऊन सांगितलं…”

“सुटलं,” बुवा म्हणाले.

“हो.”

माझ्या हातात पळी होती. खोटं कशाला बोलू, ती त्यांच्या टाळक्यात घालावीशी वाटली. मी सव्वा वर्ष त्या पडवीत बसलो तेव्हा हे गृहस्थ इथंच होते. सकाळ-संध्याकाळ माझ्या समोरून जात-येत होते. एकदा माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले होते, “गेणूभाऊ, तुमचा हात जड आहे. या कामाला बोटं हलकी लागतात.”

ते मी खरं मानलं. अकरा वर्षं मानलं. भाकरी थापतानासुद्धा मनात यायचं, हात जड आहे आपला.

“मी तुमच्या डोळ्यांदेखत बसलो होतो, अच्युतराव,” मी म्हटलं. “सव्वा वर्ष.”

“रोज ठरवायचो, आज सांगायचं.”

“मग?”

“मग तुम्ही चुलीपाशी गेलात. मला… सुटल्यासारखं वाटलं.”

त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची दया येत नव्हती. पण अजून बोलायला तोंड उघडलं आणि एकदम लोहाराची सुगंधा आठवली.

गेल्या वर्षी आली होती. खालच्या वाडीची, हुशार पोर. चार दिवस थोरलं घेऊन बसली. पाचव्या दिवशी ताट वाढताना मी तिला म्हणालो, “मला नाही जमलं, तुला काय जमणार? तुमच्या डोक्याचं काम नव्हे हे.” ती ताटावरून उठली आणि न जेवता गेली. मी इकडे मनात म्हटलं, बरं झालं, आपल्यासारखी आणखी एक.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं, दोघांसमोर. सांगून झाल्यावर अच्युतरावांकडे बघायची माझीच छाती होईना.

बुवा म्हणाले, “मी उचलून पाहिलं असतं तर कळलं असतं. सरसाचा वास लपत नाही. पण पाहत नाही, याचा मला फार अभिमान होता.”

त्यांनी तो कोरा कागद घडी करून बाजूला ठेवला.

“गेणू, आधण आलंय का?”

“केव्हाच आलंय.”

“अच्युत, जा. वाफेवर धर.”

अच्युतरावांना लगेच कळलं. मला नाही कळलं. मी आपला बघत राहिलो.

ते चुलीपुढं उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी थोरलं पातेल्यावर धरलं. वाफ हातावर येत होती, बोटं लाल झाली, पण त्यांनी हात काढला नाही. मीही धरायला फडकं दिलं नाही. द्यायला हवं होतं, तेवढीही माणुसकी त्या वेळी माझ्यात नव्हती.

थोड्या वेळानं जुन्या कातड्यासारखा वास सुटला. दांड्यांच्या फटींतून पिवळट चिकट पाणी गळायला लागलं.

“सरस वाफेनं सुटतो,” अच्युतराव माझ्याकडे न बघता म्हणाले. “सुताराला पहिल्या महिन्यात शिकवतात हे.”

मला कोण शिकवणार? मी सुतार झालोच नव्हतो. माझं आधण दिवसातून दोनदा उकळत होतं, आणि थोरलं दहा पावलांवर फळीवर होतं.

एक दांडी सैल झाली. मग दुसरी. मग सगळंच त्यांच्या ओंजळीत मोकळं झालं. सहा दांड्या. एकीला उभी चीर.

त्यांनी त्या आणून बुवांपुढं ठेवल्या आणि तिथंच खाली बसले. पुण्याचा माणूस, इस्त्रीचा शर्ट. चुलीची राख गुडघ्यांना लागली होती.

“चिरलेली दांडी मी नवी करून देतो,” ते म्हणाले. “आजच करतो. रंधा कुठं आहे?”

“नको,” बुवा म्हणाले. “मी करीन.”

“तुमचे हात…”

“थरथरतात. वेळ लागेल. पण रंधा थोरलं सुटल्यावर धरायचा, अच्युत. तुला अजून सुटलेलं नाही.”

अच्युतरावांनी मान खाली घातली. बारा वर्षं रंधा धरलेला माणूस. इतका शरमलेला माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्याच्याकडे बघून मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुगंधा डोळ्यांपुढून हलेना.

बुवांनी उपरणं ओढलं आणि एकेक दांडी पुसायला घेतली. सावकाश, खाचेत बोट घालून. चिरलेली बाजूला ठेवली. बाकीच्या पाच माझ्या पायापाशी मांडल्या. मी मागं सरकलो, तर त्यांनी त्या आणखी माझ्याकडे सरकवल्या.

“बुवा,” अच्युतराव हळूच म्हणाले. “मग डब्यावर काय लिहू? थोरलं आधी खेळा म्हणून लिहू? का…”

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चुलीकडे, तिथं आधण उतू चाललं होतं.

“गेणू,” ते म्हणाले, “पळी त्याच्या हातात दे.”